पाच सेकंद हात लावू नका

दुकानदारानं विचारलं, “मुलाच्या प्रोजेक्टसाठी का?” आणि मी “हो” म्हणाले. मला मुलगा नाही. एक मुलगी आहे, ती पुण्यात नोकरी करते आणि सोल्डरिंगच्या धुराचा वासही तिला सहन होत नाही. पण मेन रोडच्या मागच्या त्या गल्लीत, दुपारी बाराच्या उन्हात, मागे दोन गिऱ्हाइकं उभी असताना, ‘हे मला हवंय, माझ्यासाठी’ असं सांगायला माझी जीभ वळली नाही. दुकानदारानं नखाएवढा सेन्सर पुडीत बांधून दिला आणि म्हणाला, “त्याला सांगा, वायर उलटी लावू नको म्हणावं. पोरं घाई करतात.” मी सांगते म्हणाले.

पुढं जे घडलं त्याबद्दल मी बऱ्याच लोकांवर राग धरला. म्हणून आधीच लिहून ठेवते, की त्या यंत्राबद्दलचं पहिलं खोटं माझ्याच तोंडून निघालं होतं.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली बाई आहे. लग्नाआधी आणि लग्नानंतर मिळून साडेतीन वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात टेस्टिंगला होते. बिघडलेली कार्डं माझ्या टेबलावर यायची आणि बहुतेक दुरुस्त होऊन जायची. मुलगी झाली तेव्हा रजा वाढवली, मग नोकरी सोडली. नंतर सासूबाईंना अर्धांगवायू झाला, त्यात नऊ वर्षं गेली. कोणी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. सगळ्यांनी फक्त वाट पाहिली, आणि शेवटी मीच म्हणाले की मी घरी थांबते.

सासूबाई गेल्या त्यानंतरच्या पावसाळ्यात दुपारी मला काही काम उरलं नाही. अकरा ते चार गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये फक्त फ्रिजचा आवाज असायचा. हात सवयीनं दर दोन तासांनी कूस बदलायला उठायचे आणि खाट रिकामी असायची. अशाच एका दुपारी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. वीतभर पट्टी, खालचं टोक खिळ्यात अडकवलेलं, वरच्या टोकाला मोटर आणि मोटरवर चाक. पट्टी खाली लोंबायला हवी, पण ती उभी होती. बोटानं ढकललं तरी चाक गरकन फिरायचं आणि पट्टी पुन्हा सरळ. उलटा लंबक. मी तो व्हिडिओ पाच-सहा वेळा पाहिला आणि मग माळ्यावरून माझी जुनी सोल्डरिंग गन काढली. वायर उंदरांनी कुरतडली होती. ती बदलली.

दोन महिने लागले. मोटर द्वारका चौकाजवळच्या एका भंगारवाल्याकडं मिळाली, जुन्या मशिनीतली. पट्टी म्हणजे सरकत्या खिडकीच्या ॲल्युमिनियमचा तुकडा. चाक म्हणून आधी स्टीलच्या डब्याचं झाकण लावलं, ते हलकं पडलं. मग अंबडला एका लेथवाल्याकडून कडं कापून घेतलं आणि त्याच्या काठाला सारख्या अंतरावर नट-बोल्ट बसवले. प्रत्येक नट मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला. बैठक जड हवी होती, म्हणून सासूबाईंचा शिसवी पोळपाट घेतला. नव्या पोळपाटावर माझी पोळी बरी होते, तो तसाही पडून होता.

जोडणी सोपी असते. अवघड असतं ते त्याला शिकवणं. प्रोग्रॅममध्ये तीन आकडे भरावे लागतात. कलल्यावर किती जोरानं सावरायचं, किती आधी सावध व्हायचं, आणि जुनी चूक किती लक्षात ठेवायची. पहिला कमी पडला तर पट्टी सरळ खाली. जास्त झाला तर थरथर कापत खाली. कितीतरी दुपारी ती पडताना पाहिली. पडताना चाकाच्या काठाचा बोल्ट पोळपाटावर आपटायचा, टक्. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा लिफ्टमध्ये विचारलं, “रोज दुपारी काय कुटता हो तुम्ही?” मी म्हटलं, दाणे.

आणि मग डिसेंबरातल्या एका दुपारी ती उभी राहिली. मी हात काढला, पडायची वाट पाहिली, आणि ती पडली नाही. चाक किंचित इकडं, किंचित तिकडं, गुणगुणल्यासारखा आवाज. मी मनात दोनशेपर्यंत आकडे मोजले. मग मुलीला व्हिडिओ कॉल केला. ती म्हणाली, “वॉव आई, भारीच! बाबांना दाखवलंस?” आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

बाबांना संध्याकाळी दाखवलं. माझा नवरा इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक आहे. बावीस वर्षं तो मुलांना हाच विषय शिकवतो, की पडू पाहणारी गोष्ट उभी कशी ठेवायची. फळ्यावर हाच लंबक काढतो, त्याची समीकरणं मांडतो. खरा लंबक त्यानं कधी केला नव्हता. त्यानं बूट न काढता पोळपाटाजवळ येऊन पट्टीला बोटानं ढकललं. ती सावरली. पुन्हा ढकललं. तो लहान मुलासारखा हसला, हे मी खोटं सांगणार नाही. आठ-दहा दिवस आल्या-गेल्याला तो स्वतः चालू करून दाखवायचा आणि म्हणायचा, “हा हिचा उद्योग.” मला ‘उद्योग’ शब्द खटकायचा, पण ‘हिचा’ शब्दावर मी समाधानी होते.

जानेवारीत त्यांच्या विभागाची तपासणी ठरली. बाहेरून कमिटी येणार, प्रयोगशाळा बघणार, मग मान्यतेचं पुढचं ठरणार. महिनाभर घरात तोच विषय. फायली, रंगरंगोटी, कुंड्या. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, “अगं, तुझं ते यंत्र दोन दिवस देशील का? आमच्या लॅबमध्ये चालतं-फिरतं दाखवायला काही म्हणजे काही नाही.”

मला आनंद झाला. तो मी लपवलाही नाही. “देईन की. कोणी केलं म्हणून सांगाल?”

त्यानं आमटी वाढून घेतली. “डिपार्टमेंटचं म्हणून. कमिटीला विद्यार्थ्यांचं काम बघायचं असतं. तिथं बायकोनं केलं म्हणून कसं सांगणार? हसतील.”

“हसतील का?”

“तसं नव्हे गं. नियमात बसत नाही. तुला कळतंय ना?”

मला कळत होतं. मी हो म्हणाले. दुकानातल्या ‘हो’नंतर हे दुसरं.

यंत्र न्यायला कॉलेजमधून लॅबवाले मामा आले. कॉलेजात शिपाई आणि लॅबमधल्या मदतनिसांना सगळे मामाच म्हणतात. हे पंचेचाळिशीचे, विंचूरकडचे, अकरा वर्षं त्याच लॅबमध्ये कंत्राटावर. नवऱ्याच्या बोलण्यात ते नेहमी यायचे, म्हणजे मामांना सांगतो, मामा करतील, मामांनी चावी हरवली, असे. मी त्यांना प्रथमच नीट पाहत होते. चपला जिन्यात काढून ते आत आले, चालू यंत्रासमोर उकिडवे बसले आणि खालपासून वरपर्यंत ते न्याहाळत राहिले.

मग म्हणाले, “मॅडम, हे पडत कसं नाय?”

मी सांगितलं. वरचं चाक एका बाजूला जोरानं फिरतं तेव्हा पट्टीला उलट बाजूचा रेटा मिळतो.

“म्हंजे बांधावरनं चालताना तोल गेला की माणूस दोन्ही हात गरागरा फिरवतो, तसं?”

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. नवऱ्यानं समीकरणं बोलून दाखवली होती, मुलगी भारी म्हणाली होती. यंत्रात काय चाललंय हे एका वाक्यात कोणी सांगितलं असेल तर या माणसानं. “अगदी तसंच,” मी म्हटलं.

“सर म्हनले पोरांनी केलंय. पन पोळपाट बघितला आन् मला कळलं,” ते म्हणाले आणि हसले. “लय भारी हाय.”

मी त्यांना चालू करायची पद्धत शिकवली. पट्टी आधी या लाकडी टेकूवर निजवायची. मग बटण. बटण दाबल्यावर पाच सेकंद कशालाच हात लावायचा नाही, टेबलसुद्धा हलू द्यायचं नाही. त्या पाच सेकंदांत सेन्सर स्थिर असणं म्हणजे काय ते ठरवून घेतो. त्यानंतरच पट्टी उभी करून हात काढायचा. तेव्हाच हलवलं तर तो हलण्यालाच स्थिर धरतो, आणि मग काही केल्या पट्टी उभी राहत नाही. चाक एकाच दिशेनं वेग घेत जातं आणि सगळं आडवं होतं. तसं झालंच तर घाबरायचं नाही. बंद करायचं, टेकूवर ठेवायचं, पुन्हा चालू करायचं. मामांनी माझ्यासमोर चार वेळा करून पाहिलं. चारही वेळा पट्टी उभी राहिली. मग त्यांनी यंत्र जुन्या चादरीत गुंडाळलं आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसले.

तपासणीच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं फोटो पाठवला. पोळपाट गेला होता. त्या जागी काळी चकचकीत ॲक्रिलिकची बैठक होती आणि तिच्यावर पितळी पट्टीवर विभागाचं नाव कोरलेलं होतं. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘कमिटीसमोर पोळपाट बरा दिसला नसता.’ पुढं हसरा चेहरा.

मुलगी त्याच कॉलेजातून शिकली होती, म्हणून माझं नाव पालकांच्या यादीत घातलं होतं. कमिटी पालकांशीही बोलते. नवरा म्हणाला, “येच तू. काही अडलं तर असलेली बरी.” काय अडलं तर, हे दोघांनीही बोलायचं टाळलं. मी नारायणपेठ नेसून गेले. दारात एका मुलीनं गुलाब दिला आणि छातीवर बिल्ला लावला, ‘पालक’. आम्ही चार पालक लॅबच्या मागच्या भिंतीला खुर्च्यांवर बसलो. पुढं मखमली कापड घातलेल्या टेबलावर माझं यंत्र होतं. शेजारी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात मामा.

कमिटीचे तिघं आले. त्यांतले प्रमुख वयस्कर, पांढऱ्या केसांचे, चेहऱ्यानं मायाळू. ब्लेझरमधल्या एका विद्यार्थिनीनं पाठ केलेली माहिती म्हणून दाखवली. मामांनी पट्टी टेकूवर ठेवली आणि बटणाकडं हात नेला. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, सर इकडून अंधार येतोय, टेबल जरा खिडकीकडं घ्या. नवऱ्यानं घाईनं टेबल ओढायला सुरुवात केली आणि एका हातानं पट्टी उचलून उभी धरली, फोटोत चांगली यावी म्हणून. तसंच टेबल ओढता ओढता त्यानं बटण दाबलं.

“सर, थांबा, पाच सेकंद...” मामा म्हणाले.

“मामा, तुम्ही मागं व्हा.”

मामा मागं झाले.

नवऱ्यानं हात काढला. चाकाचा आवाज चढत गेला, शिट्टीसारखा झाला आणि पट्टी आडवी झाली. टक्. विद्यार्थिनीनं माहितीचा कागद छातीशी धरला. नवरा हसला, म्हणाला, वन मिनिट सर, आणि पट्टी हातानं उभी केली. बटण बंद न करता. पुन्हा शिट्टी, पुन्हा टक्. तिसऱ्या वेळी पट्टी टेबलावरच्या फुलदाणीला लागली आणि पाणी मखमलीवर पसरलं.

मला काय झालंय ते पहिल्या आवाजातच कळलं होतं. बंद करा, टेकूवर ठेवा, पुन्हा चालू करा. एवढंच वाक्य. खुर्चीवरून उठायचीही गरज नव्हती.

प्रमुखांनी चष्मा काढला आणि अगदी साधेपणानं विचारलं, “हे कोणी बनवलंय? त्यालाच बोलवा ना. ज्यानं बनवलं त्याला माहीत असेल.”

विद्यार्थिनी नवऱ्याकडं बघायला लागली. नवरा माझ्याकडं बघत नव्हता. माझ्याकडं मामा बघत होते. टेबलाच्या मागून, सरळ. ते काही खुणावत नव्हते. एखाद्याला हाक मारावी तसं नुसतं बघत होते.

मी मान खाली घातली आणि साडीवरचा बिल्ला सरळ केला. तो सरळच होता.

त्या क्षणी मला काय वाटत होतं ते मी स्वतःशी पुष्कळदा उगाळलंय. भीती नव्हती. लाजही नव्हती. मला बरं वाटत होतं. पडू दे, असं वाटत होतं. त्या काळ्या चकचकीत बैठकीवर, त्या पितळी नावासकट, अजून दहा वेळा पडू दे. बावीस वर्षांचा अनुभव आहे ना, करा उभं.

नवरा म्हणाला, “ज्या विद्यार्थ्यांनी केलंय ते आज परीक्षेला गेलेत सर. काल संध्याकाळपर्यंत उत्तम चालत होतं. सकाळी वर आणताना मामांच्या हातून पडलं, त्यामुळं...” आणि त्यानं मामांकडं हात केला.

मामा मखमलीवरचं पाणी टिपायला लागले. प्रमुखांनी “होतं असं,” म्हणून चष्मा लावला आणि सगळे पुढच्या लॅबकडं गेले. मी पालक म्हणून नंतर कमिटीशी बोलले. शिक्षक चांगले आहेत, मुलांकडं लक्ष देतात, असं म्हणाले. सामोसा खाल्ला.

घरी आल्यावर नवरा सोफ्यावर आडवा झाला आणि म्हणाला, “तुझ्या यंत्रानं ऐन वेळी तोंडघशी पाडलं बघ.”

“पहिल्या पाच सेकंदांत हलवलंत तुम्ही. टेबल ओढत चालू केलंत.”

तो उठून बसला. “तुला कळलं होतं? मग तिथं सांगितलं का नाहीस?”

“कोण म्हणून सांगू? पालक म्हणून?”

त्यानं रिमोट शोधला. मग टीव्ही लावला. त्या वाक्यावर मी दोन दिवस खूष होते. भांडी घासताना, भाजी घेताना मनात तेच म्हणायचे. कोण म्हणून सांगू. किती नेमकं बोललो आपण. मामांच्या हातून न पडलेलं यंत्र त्यांच्या नावावर पडलं, हे मला ऐकू आलं होतं, पण त्याचं पुढं काही होईल असं डोक्यातही आलं नाही. मी माझ्याच हिशेबात होते.

विभागाला मान्यता मिळाली. पूर्ण मुदतीची. पेढे वाटले. म्हणजे त्या पडण्यानं कोणाचंच काही बिघडलं नव्हतं, ना विभागाचं, ना नवऱ्याचं.

एप्रिलमध्ये परीक्षेच्या कामाचा गठ्ठा घेऊन दुसराच माणूस दारात आला. मी सहज विचारलं, “नेहमीचे मामा कुठं आहेत?”

“ते गेले मॅडम. मार्चला काँट्रॅक्ट संपलं, पुढं नाही केलं. कमिटीच्या टायमाला यंत्र पाडलं ना त्यांनी. शेरा होता फायलीला.”

संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, चौघांची कंत्राटं कमी करायचीच होती, त्यांचं नाव कधीपासून होतं, त्या प्रसंगाचा काही संबंध नाही. “आणि शेरा?” “तो प्राचार्यांनी लिहायला सांगितला. काहीतरी कारण दाखवावं लागतं.” “लिहिला कोणी?” तो म्हणाला, “विभागप्रमुख मी आहे, म्हणजे मीच लिहिणार ना,” आणि जेवण झालं नसताना ताटावरून उठला.

दोन दिवसांनी मी द्वारकेवरून विंचूरची बस धरली. पत्ता नव्या माणसाकडून घेतला होता. मामा कांद्याच्या एका खळ्यावर भेटले. बाया कांद्याची निवड करत होत्या आणि ते गोण्यांची तोंडं शिवत होते. मला पाहून सुई गोणीतच खोचून उठले, पटकन तोंड धुऊन आले, खुर्ची मागवली.

“मॅडम, तुमी कशाला एवढ्या उन्हात?”

मी येताना पुष्कळ वाक्यं जुळवली होती. तिथं त्यातलं एकही आठवलं नाही. म्हटलं, “मामा, त्या दिवशी मला माहीत होतं काय बिघडलं ते.”

“मलाबी माहीत होतं,” ते म्हणाले. “बंद करून परत चालू करायचं. तुमीच शिकवलं व्हतं की.”

“मग तुम्ही का नाही...”

“मी बोललो ना. सर म्हनले मागं व्हा.” त्यांनी कांद्याचं एक सालपट तळव्यावरून झटकलं. “दुसऱ्यांदा नाय बोललो. म्हनलं मॅडम बसल्यात, त्या सांगतील. यंत्र त्यांचं हाय.”

मी मांडीवरची पर्स खाली ठेवली.

“मी तुमच्याकडं बघितलं व्हतं, मॅडम.”

“हो.”

“तुमीबी बघितलं.”

“हो.”

त्यांनी चहा मागवला. आवाजात राग नव्हता, आणि असता तर बरं झालं असतं. बाया काम करता करता आमच्याकडं बघत होत्या. ते म्हणाले, निफाडच्या एका ज्युनिअर कॉलेजात लॅबसाठी माणूस घेतायत, त्यांनी अनुभवाचा दाखला मागितलाय. अकरा वर्षांच्या दाखल्यावर ‘यंत्रसामग्री निष्काळजीपणे हाताळली’ अशी ओळ आहे. तेवढी निघाली तर बघा. “सरांना सांगा तुमी. तुमचं ऐकतील.”

नवऱ्यानं ऐकलं नाही. एकदा लिहिलेला शेरा काढला तर तो का लिहिला होता हे सांगावं लागेल, म्हणाला. मग मी प्राचार्यांना पत्र लिहिलं. त्यात लिहिलं, की हा लंबक मी बनवला आहे. तो कोणाच्याही हातून पडला नव्हता. तो चुकीच्या पद्धतीनं चालू केला गेला, कोणी केला तेही लिहिलं, आणि मी समोर असून गप्प बसले, हेही लिहिलं. हा लंबक मी बनवला आहे, हे वाक्य मी पहिल्यांदाच कुठं लिहीत होते. खाली सही केली. सहीखाली काय लिहावं कळेना, म्हणून फक्त डिप्लोमाचं लिहिलं. एक प्रत मामांना पाठवली.

प्राचार्यांनी मला बोलावलं नाही. नवऱ्याला बोलावलं. तो घरी आला तेव्हा चेहरा लाल होता, पण आवाज शांत होता. “चहा दिला त्यांनी. पत्र परत दिलं. म्हणाले, सर, वहिनींशी काही वाजलंय का? घरातलं ऑफिसात येऊ देऊ नका. मुलगी लांब गेली की बायकांना असं होतं.” त्यानं पत्र टेबलावर ठेवलं. “समाधान झालं?”

शेरा तसाच राहिला.

निफाडच्या कॉलेजात मामांनी माझ्या पत्राची प्रत दाखवली होती, असं त्यांनी नंतर फोनवर सांगितलं. तिथल्या बाबूनं विचारलं, ही बाई कॉलेजात कोण आहे? मामा म्हणाले, सरांच्या मिसेस. बाबूनं प्रत परत दिली. “पन चांगलं लिवलंय मॅडम,” मामा म्हणाले. “घरी जपून ठेवलंय.” आता विंचूरच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामात खोकी मोजायच्या कामाला लागलेत, असं कळलं. तेही त्यांच्याकडून नाही कळलं.

नवरा आणि मी एका घरात राहतो. चहा, भाजी, गॅसचं सिलिंडर, मुलीचं लग्न, सगळ्यावर बोलतो. लंबक कॉलेजच्या काचेच्या कपाटात आहे. मी मागितला तर मिळेल, असं त्यानं दोनदा सांगितलं. मी मागितला नाही. सोल्डरिंग गन माळ्यावर गेली नाही, ओट्याशेजारच्या खणात आहे. शेजारच्या काकूंचा मिक्सर, वॉचमनचा रेडिओ असं काहीबाही येतं, ते दुरुस्त करून देते. काकू म्हणतात, साहेबांनी शिकवलं वाटतं. मी म्हणते, नाही, मला येतं. आता म्हणायला काही वाटत नाही, कारण आता तसं म्हटल्यानं कोणाचं काही वाचणार नाही.

दिवाळीत मामांना फोन केला होता. त्यांनी उचलला, “बरं चाललंय मॅडम, तुमाला पन शुभेच्छा,” म्हणाले, आणि मी पुढं काही बोलायच्या आत, इथं आवाज लय हाय, मग करतो, म्हणून ठेवला. मागून आवाज काहीच येत नव्हता. त्यानंतर मी तीनदा केला. ते उचलत नाहीत.